वस्तू धरून चाला: मंडईपासून तांबट आळीपर्यंत

प्रश्न असा आलाय: "लग्नानंतर पिंपरीला राहायला आले. डिसेंबरमध्ये सासूबाई नांदेडहून येणार आहेत, तारीख अजून ठरायचीय. त्यांना तुळशीबाग, लक्ष्मी रोड, मंडई सगळं बघायचंय. माझ्याकडे एकच दिवस आहे, त्यांचे गुडघे दुखतात आणि मला घासाघीस अजिबात जमत नाही. सुरुवात कुठून करू? घेण्यासारखं काय आहे?"

मी नाटकांसाठी वेशभूषा आणि मंचावर लागणारं सामान जमवते. पेशवाईतली नथ, १९५० सालच्या स्वयंपाकघरातला बंब, गावच्या शाळेतली घंटा, असल्या वस्तूंच्या मागे पेठांमधून फिरणं हेच माझं काम. त्यामुळे उत्तर लांबेल, पण तुमच्या कामाला येईल असं वाटतं.

बहुतेक जण लक्ष्मी रोड एका टोकाला धरतात आणि दुसऱ्या टोकापर्यंत चालत सुटतात. अलका चौकातून निघायचं, दिसेल त्या दुकानात डोकवायचं आणि बेलबाग चौकात येईपर्यंत पायांचे तुकडे. असं फिरून बाजार कळत नाही. पुण्यातल्या पेठा धंद्यांप्रमाणे वसलेल्या आहेत. भांड्यांची आळी वेगळी, बुरुडांची वेगळी, तांबटांची वेगळी. वायर-दिव्यांसाठी तपकीर गल्ली, पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक. एकेका गल्लीत एकाच मालाची दुकानं ओळीनं बसलेली असतात, आणि मोठ्या रस्त्यापासून जितकं आत जाल तितकं तुम्ही तयार मालाकडून कच्च्या मालाकडे आणि शेवटी बनवणाऱ्या हातांकडे सरकता. म्हणून माझं सांगणं एवढंच, की रस्ता धरून चालू नका, वस्तू धरून चाला. सासूबाईंना विचारून दोन वस्तू ठरवा आणि त्यांचा माग काढत जा. बाकी बाजार वाटेत आपोआप दिसतो.

मी तुमच्यासाठी नथ आणि तांब्याचा तांब्या धरते. त्यांना दुसरं काही हवं असेल तरी रीत हीच.

पिंपरीहून येताय तर गाडी काढूच नका. स्वारगेटकडे जाणारी मेट्रो कुठेही न बदलता मंडईला आणते. हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, आणि पेठेत यायचं म्हणजे पार्किंग शोधायचं ही जुनी कटकट त्यामुळे बरीच कमी झाली. स्थानकात लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, सासूबाईंना त्रास होणार नाही. गाडीच आणावी लागली तर मंडईजवळची आर्यन आणि मिनर्व्हा ही दोन पार्किंग लक्षात ठेवा. दोन्ही जुन्या चित्रपटगृहांच्या जागी आहेत. सुट्टीच्या संध्याकाळी मात्र तिथे जागा मिळेल या भरवशावर राहू नका.

मंडईत सकाळी नऊ-साडेनऊलाच पोचा. तुळशीबागेतली दुकानं साडेदहा-अकराशिवाय नीट उघडत नाहीत, तोवर मंडई बघून होते. ही इमारत १८८६ ची. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ती रे मार्केट म्हणून ओळखली जायची. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला नगरपालिकेत ज्यांनी विरोध केला, त्या महात्मा फुल्यांचंच नाव पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला दिलं गेलं. आत मधोमध उभं राहून एकदा वर बघा. अष्टकोनी मनोऱ्याच्या खाली भाजीवाले उंच ओट्यांवर बसलेले असतात आणि माल पायऱ्यापायऱ्यांनी रचलेला असतो. पालेभाजीवर पाणी शिंपडून झालेलं असतं. काही माल किलोवर मिळतो, काही जुडीवर आणि काही वाट्यावर. वाट्याचा माल घेताना वरचं बघून घेऊ नका, वाटा हलवून खालचं बघा. कुणी रागवत नाही.

डिसेंबरात मंडई सगळ्यात देखणी असते. मटार, पावटा, ओला हरभरा, लाल गाजरं, बोरं यायला लागलेली असतात. मार्गशीर्ष चालू असेल तर बुधवारी दुपारनंतर इथे पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या दिवशीच्या गुरुवारच्या पूजेला पाच फळं, डहाळ्या, विड्याची पानं, वेण्या लागतात, आणि त्यासाठी सगळं शहर इथे लोटतं. ती गर्दी बघायला सुंदर असते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यात नेऊ नये. परतीच्या वाटेवर मंडई लागणार नाही आणि आत्ता घेतलेली भाजी दिवसभर वागवावी लागेल, तेव्हा जड काही घेऊ नका. पाव किलो बोरं घ्या, दिवसभर तोंडात टाकायला होतात.

मंडईतून तुळशीबाग अगदी जवळ. मधल्या गल्ल्यांत रांगोळी, कुंकू, वाती, समया, पळी-पंचपात्री अशी पूजेच्या सामानाची दुकानं लागतात. तुळशीबाग म्हणजे खरं तर राममंदिराचं आवार. पेशवाईत सरसुभेदार असलेल्या नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी हे मंदिर उभं केलं आणि त्याच्या भोवती बाजार वाढला. आत जाऊन दर्शन घ्या आणि सभामंडपात दहा मिनिटं टेका. बाहेर एवढा कल्ला चालू असताना आत इतकं निवांत असतं यावर पहिल्यांदा येणाऱ्याचा विश्वास बसत नाही. सासूबाईंसाठी दिवसातली बसायची पहिली जागा हीच.

आता नथ. तुळशीबागेत ती तुम्हाला पथारीवर, टपरीवर आणि काचेच्या दुकानात अशा तिन्ही ठिकाणी दिसेल, आणि भावात इतका फरक असेल की गोंधळायला होईल. भाव विचारायच्या आधी नथ हातात घ्या आणि उलटी करा. नथीचं सगळं काम मागून कळतं. मोती ज्या तारेनं बांधलेत ती तार मागे नीट गुंडाळून टोक आत दाबलेलं आहे का, की टोक बाहेर आलंय, हे बोट फिरवून बघा. टोक बोटाला लागलं तर ते गालालाही लागणार आणि भरजरी पदरात अडकणार. मग मोती एकेक करून हलवा. सैल मोती दोन समारंभांत गळतो. शेवटी नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ घेताना दाब स्वतःच्या नाकावर लावून पाच मिनिटं तशाच फिरा. आमच्या नटी तीन अंकी नाटकभर नथ घालून संवाद म्हणतात. ज्या नथीचा दाब कडक असतो ती दुसऱ्या अंकात डोळ्यांतून पाणी काढते, आणि सैल असते ती पहिल्याच वाक्याला पडते. लग्नघरात तुमचंही हेच होणार. दुकानदाराला "दाब जरा सैल करून द्या" म्हटलं की तो चिमट्यानं तिथल्या तिथे करून देतो.

पॉलिशबद्दल एक सांगते. "एक ग्रॅम सोन्याचं" असं ज्या दागिन्यांना म्हणतात त्यांच्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो. घाम, अत्तर आणि पाणी या तिन्हींनी तो जातो. अत्तर आधी लावा, दागिना नंतर घाला, काढल्यावर मऊ कापडानं पुसून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, बोरमाळ, बुगडी, जे काही घ्याल त्याला हाच नियम.

नथ आवडली पण मोती आवडले नाहीत, किंवा सासूबाईंची जुनी बोरमाळ तुटून डब्यात पडलीय, असं असेल तर तुळशीबागेत थांबू नका. बेलबाग चौकाकडून लक्ष्मी रोडला लागा आणि सोन्या मारुती चौकाच्या अंगानं रविवार पेठेत शिरा. सोन्या मारुतीला सराफांची दुकानं, मोती चौकाच्या बाजूला चांदी, आणि बोहरी आळीच्या आसपास सुटे मणी, मोती, खडे, तारा, फासे, रेशमी गोंडे. तुळशीबागेत जी वस्तू तयार मिळते तिचे सुटे भाग इथे वजनावर आणि माळेवर मिळतात. दागिने गाठवून देणारेही याच भागात बसतात. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून माळ गाठवताना बघायला मिळालं तर थांबून बघा. दोन मण्यांमध्ये बसणारी गाठ इतकी सारखी येते की माळ तुटली तरी एकच मणी निसटतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. जुनी माळ इथून गाठवून घ्यावी असं मी आग्रहानं सांगेन. घरातल्या बाईची खरी माळ असताना नवी नकली विकत घेण्याचं काही कारण नाही.

बोहरी आळीत घाऊक व्यवहार चालतो. "एक द्या" म्हटलं की काही दुकानदार मान हलवतील, "डझन घ्यावं लागेल." त्याचं वाईट वाटून घेऊ नका, शेजारी विचारा. हातगाड्या आणि माल उतरवणारे टेम्पो यांच्यामुळे दुपारी इथून चालणं अवघड होतं. सासूबाईंना मोती चौकाजवळ एखाद्या दुकानात टेकवून तुम्ही आत जाऊन आलात तर बरं.

आता घासाघीस. तुम्हाला ती जमत नाही म्हणता, पण तुळशीबागेत ती समजते त्याहून कमी लागते. ज्या दुकानात "एकच भाव" अशी पाटी आहे तिथे बोलूच नका, पाटी खरी असते. पथारीवाल्याशी बोलायचं तर आधी घ्यायचं पक्कं करा. घ्यायचं नसताना भाव पाडायचा, त्यानं कबूल केल्यावर वस्तू ठेवून निघून जायचं, हे फार वाईट, आणि सकाळी बोहनीच्या वेळी तर करूच नये. पहिलं गिऱ्हाईक मोडलं की दिवस मोडला असं मानणारी माणसं आहेत ती. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावरून सुरुवात करा हा सल्ला सगळे देतात. मला तो पटत नाही. मी तीन-चार वस्तू एकत्र काढते आणि विचारते, "मावशी, सगळ्याचे मिळून किती धरू?" यात समोरच्याला भाव कमी करायला सन्मानानं जागा मिळते आणि रक्कमही उतरते. सुटे पैसे जवळ ठेवा. क्यूआर कोड सगळीकडे आहेत, पण गर्दीत मोबाईलला रेंज जाते.

रस्त्यावर बसणाऱ्यांबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा २०१४ साली झाला. सर्वेक्षण, प्रमाणपत्र, जागा ठरवण्यासाठी पथविक्रेता समिती, हे सगळं त्यात आहे. तरीही अतिक्रमणाची गाडी आल्याची हाक उठली की चार टोकं धरून अख्खं दुकान उचलून गल्लीत पळणाऱ्या बायका तुम्हाला दिसतील. त्या वेळी तुमच्या हातात वस्तू असेल तर घेऊन निघून जाऊ नका, तिथेच थांबा. गाडी गेली की ती बाई परत येते. पाच-दहा मिनिटांचा प्रश्न असतो आणि तिच्यासाठी तो दिवसाचा गल्ला असतो. दुकानदार म्हणतात पथारीमुळे रस्ता अडतो, पादचारी म्हणतात चालता येत नाही, दोन्ही खरं आहे. पण पिना, टिकल्या, केसांचे चाप असल्या दहा-वीस रुपयांच्या वस्तूंसाठी माणसं तुळशीबागेत येतात, आणि मग शेजारच्या दुकानातून दोन हजारांची साडी नेतात. पथारी उठली तर त्या दुकानांची गर्दीही ओसरेल असं माझं ठाम मत आहे.

जेवणाचं सोपं आहे. तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवनची मिसळ आहे, तिखट झेपत असेल तर. रांग असते पण ती पुढे सरकते. बसायची दुसरी चांगली जागा म्हणजे बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा, दुसऱ्या बाजीरावाचा. त्याच्या दर्शनी भागातलं सुरूच्या आकाराच्या खांबांचं लाकूडकाम सासूबाईंना नक्की दाखवा.

कपड्यांचं मी थोडक्यात उरकते, कारण लक्ष्मी रोडवर साड्यांची दुकानं शोधावी लागत नाहीत, तीच तुम्हाला शोधतात. डिसेंबर म्हणजे लग्नसराई, बस्त्याची गिऱ्हाइकं गाद्यांवर मांडी ठोकून बसलेली असतात, आणि दोघींना एक साडी हवी असेल तर वेळ लागेल हे धरून चाला. पैठणी म्हणून काही दाखवलं तर पदर उलटा करायला सांगा. हातमागावरच्या पैठणीत मोर, मुनिया, कमळ मागूनही जवळजवळ तसंच दिसतं. मागे सुटे धागे लोंबत असतील किंवा कापलेले दिसत असतील तर ती यंत्रमागाची आहे. यंत्रमागाची घेऊ नये असं नाही, मीही नाटकासाठी तीच घेते, पण तिचे पैसे हातमागाचे देऊ नका. आणि खण ठाणातून मीटरवर घ्यायचा असेल तर रविवार पेठेतल्या कापडगंजात विचारा. घ्यायच्या आधी रुमालाचं टोक ओलं करून काठावर घासून बघा, रंग सुटत असेल तर लगेच कळतं.

आता तांब्या. तुळशीबागेत आणि भांडी आळीत तांब्या-पितळेची दुकानं ओळीनं आहेत. चांगल्या दुकानात भांडं वजनावर मिळतं, वर मजुरी लागते. घरात चेपलेलं जुनं तांबं-पितळ असेल तर सोबत आणा. मोडीत घेऊन तेवढी रक्कम वजा करतात. ठोक्याठोक्यांची नक्षी असलेले तांब्याचे पेले-बाटल्या आजकाल सगळीकडे "हाताचं काम" म्हणून विकल्या जातात. त्यातल्या पुष्कळ साच्यात दाबलेल्या असतात. ओळखायची खूण सांगते. भांडं खिडकीकडे धरून हळूहळू फिरवा. साच्यातलं असेल तर प्रत्येक खळगा तंतोतंत सारखा येतो आणि आतल्या बाजूनंही तशीच नक्षी उमटलेली दिसते. हातानं मठारलेलं, म्हणजे हातोडीनं ठोके देऊन आवळलेलं असेल तर ठोके एकामागोमाग ओळीत येतात, पण कुठे किंचित मोठे, कुठे बारीक, आणि उजेड त्यावरून सरकताना प्रत्येक ठोका वेगळा चमकतो.

मठारण्याचं काम शोभेसाठी करतात असं लोकांना वाटतं. तसं नाही. भांडं घडवताना तांबं तापवून मऊ करतात, आणि मऊ तांबं बोटाच्या दाबानंही चेपतं. लोखंडी दांड्यावर भांडं धरून त्यावर एकसारखे ठोके दिले की पत्रा आवळतो, कडक होतो. आजीच्या वेळचं घंगाळ अजून गोल आहे ते त्या ठोक्यांमुळे. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सोन्या मारुती चौकातून रिक्षा करा आणि कसबा पेठेत तांबट आळीला जा. चालत फार लांब नाही, पण एव्हाना दुपारचे तीन-चार वाजलेले असतील आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनी पुरेसं सोसलेलं असेल. आळी शोधायला पत्ता लागत नाही, ठोक्यांचा आवाज आधी येतो. पेशवाईत इथे वसलेल्या कारागिरांच्या घरांत खाली काम आणि वर बिऱ्हाड अशी रीत. पूर्वी बंब, घंगाळं, हंडे व्हायचे. आता दिव्यांच्या छत्र्या, ताटल्या, शोभेच्या वाट्याही होतात.

तिथे गेल्यावर दारात उभं राहून सरळ फोटो काढू नका. "दादा, जरा बघू का?" असं विचारा. कुणी नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. काम चालू असेल तर ठोके थांबेपर्यंत बोलू नका, कारण ठोक्यांची लय मोडली की ओळ बिघडते. तांब्या थेट इथून मिळाला तर घ्या आणि भाव पाडू नका. दुकानातल्या किमतीत दुकानाचं भाडं असतं, इथे तुम्ही हाताची मजुरी देता. नवा तांब्या घरी नेल्यावर चिंच आणि मिठानं घासून धुवा आणि त्यात साधं पाणीच ठेवा. ताक, लिंबाचं सरबत असलं आंबट काही तांब्यात ठेवायचं नाही. पितळेचं पातेलं घेतलंत तर आतून कल्हई आहे ना ते बघा, नसेल तर करून घ्या.

तिथून कसबा पेठ मेट्रो स्थानक जवळ आहे. मंडईला परत यायची गरज नाही, तिथूनच पिंपरीची गाडी पकडा.

आता तारखेचं. सोमवार टाळा, तुळशीबागेतली बरीच दुकानं त्या दिवशी बंद असतात. रविवारी संध्याकाळी येऊ नका. दुपारी एक ते चार पेठेतली काही जुनी दुकानं अजूनही बंद होतात, म्हणून ज्या दुकानात नक्की जायचंय तिथे एकच्या आत पोचा. बुधवारी किंवा रविवारी येणार असाल आणि जुन्या वस्तूंची आवड असेल तर मंगळवार पेठेकडचा जुना बाजार त्याच दिवशी भरतो. कुलपं, पितळी दिवे, जुनी हत्यारं, घड्याळं मिळतात. मी तिथे नेहमी जाते, पण एका दिवसात हे सगळं आणि जुना बाजार असं जमणार नाही, आणि शिवराई म्हणून कुणी नाणं दाखवलं तर जाणकार सोबत असल्याशिवाय घेऊ नका. आणि ११ डिसेंबरला यायला जमत असेल तर ती तारीख पक्की करा. २०२१ पासून पुणे महापालिका त्या दिवशी पादचारी दिन पाळते आणि लक्ष्मी रोडचा काही भाग वाहनांना बंद ठेवते. रस्त्याच्या मधोमध बसायला बाकं मांडलेली असतात. सासूबाईंना घेऊन लक्ष्मी रोड बघायला वर्षातला याहून सोयीचा दिवस नाही. फक्त त्या दिवशी वार कोणता येतो ते आधी बघून घ्या. सोमवार असेल तर लक्ष्मी रोड आणि तांबट आळी तेव्हा करा, नथ दुसऱ्या खेपेला.